डुक्कर धरायला कोण जातं? 'फँड्री'तल्या एका प्रसंगाचा अभ्यास

मराठी ग्रामीण कौटुंबिक चित्रपट म्हटला की एक ठरलेलं घर डोळ्यांपुढे येतं. चौसोपी वाडा, ओसरीवर झोपाळा, शेतीच्या वाटणीवरून धुसफुसणारे दोन भाऊ, सोसणारी थोरली सून, देवघरात म्हातारी. या घराबाहेरचा गाव चित्रपटात येतो तो कामापुरता. गडी वैरण टाकतो, न्हावी बातमी आणतो, कुणी दारात हात जोडून उभा राहतो आणि दृश्य संपताच नाहीसा होतो. तो कुठे राहतो, रात्री काय खातो, त्याच्या घरात कशावरून भांडणं होतात, हे प्रेक्षकाला कळत नाही.

आपल्या कथेत सगळे एकाच थरातले आहेत हे अलीकडच्या पटकथाकारांच्या लक्षात येतं. मग नायकाच्या मित्राचं आडनाव बदलतात, शाळेत एक आदर्श शिक्षक घालतात, चौकातल्या पुतळ्यासमोरून गाडी नेतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण त्या मित्राला घर दिलेलं नसतं. कौटुंबिक नाट्यात ज्याला घर नाही त्याला नाट्यही मिळत नाही.

इथे अभ्यासासाठी घेतलेला चित्रपट उलट टोकाला उभा आहे. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' ऑक्टोबर २०१३ मध्ये मुंबईच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि १४ फेब्रुवारी २०१४ ला चित्रपटगृहांत आला. लांबी पावणेदोन तासांहून थोडी कमी. एकसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला, तर जब्याची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडेला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा. छायाचित्रण विक्रम अमलाडी यांचं, संकलन चंदन अरोरा यांचं. कथा नगरजवळच्या अकोळनेर गावात घडते. गावाच्या कडेला राहणारं कचरू मानेचं कैकाडी कुटुंब, त्याचा शाळेत जाणारा मुलगा जांबुवंत म्हणजे जब्या, आणि जब्याला आवडणारी वर्गातली, वरच्या जातीतली शालू, एवढाच ऐवज. पूर्ण चित्रपटाचा आढावा घ्यायचा इथे हेतू नाही. अखेरीला येणारा डुक्कर धरण्याचा प्रसंग तेवढा उलगडायचा आहे, कारण प्रतिनिधित्वाचे बहुतेक सगळे प्रश्न त्या एका प्रसंगात येतात आणि त्यांची उत्तरं संवादांत न सापडता जागेच्या आखणीत सापडतात.

काम कुणाच्या वाट्याला येतं

प्रसंगाचं मूळ साधं आहे. गावात डुकरं मोकाट फिरतात. गटारीच्या, उकिरड्याच्या जोरावर ती वाढतात, पण जत्रेच्या दिवसांत, देवाच्या वाटेवर ती आली की गावाला ती आठवतात. मग कचरूला निरोप जातो. कचरूला नाही म्हणता येत नाही, कारण घरात मुलीचं लग्न ठरतंय, हुंड्याची जुळवाजुळव चालू आहे, आणि गावाचं एक काम नाकारलं तर उरलेल्या कामांनाही कुणी बोलावणार नाही.

इथे पटकथेने एक गोष्ट नेमकी केली आहे. कचरूवर कुणी चाबूक उगारत नाही. बोलावणं आहे, व्यवहार आहे, 'तुमचंच काम आहे हे' असा गृहीत धरलेला सूर आहे. गावातला जातिव्यवहार बहुतेक वेळा याच आवाजात चालतो. खलनायक मिशा पिळत आला की प्रेक्षक त्याच्यावर राग काढून मोकळा होतो. साध्या आवाजात सांगितलेलं काम मात्र प्रेक्षकाच्या ओळखीचं असतं, ते त्याने स्वतःच्या गावात ऐकलेलं असतं.

जत्रेतला प्रसंगही याच सुताने विणला आहे. जब्याला इतरांसारखं नाचायचं असतं आणि त्याच्या डोक्यावर गॅसबत्ती येते. पालखीत सगळा गाव सामील, पण कोण नाचणार, कोण वाजवणार आणि कोण उजेड धरणार हे आधीच ठरलेलं. ज्याच्या डोक्यावर बत्ती असते त्याला मान हलवता येत नाही. 'गाव एकदिलाने जत्रा करतो' असं दाखवणारी नाचगाण्याची दृश्यं आपण शेकड्यांनी पाहिली. त्यांत बत्ती कुणाच्या डोक्यावर होती हे पाहायची सवय मात्र आपल्याला नव्हती.

कैकाडी म्हणजे नेमकं कोण

'मागास समाजातलं एक कुटुंब' एवढ्यावर पटकथा लिहिता येत नाही. कैकाडी समाजाचा पारंपरिक धंदा टोपल्या विणण्याचा. तुराट्या, निरगुडी, तरवड यांच्या फोकांपासून पाट्या, हारे, कोंबड्यांची डालगी आणि धान्याच्या कणग्या. ओला फोक वाकतो, वाळला की मोडतो, म्हणून तोडणी आणि विणाई यांत फार दिवस जाऊ देता येत नाहीत, आणि मोठ्या विणाईला घरातले सगळे हात लागतात. पोती, पत्र्याच्या कोठ्या आणि प्लास्टिकची घमेली आली तशी कणगीची मागणी संपत गेली. सोबत गाढवं आणि डुकरं पाळणं होतंच. विणाईचा मान गेला आणि डुकरांचा डाग तेवढा उरला. कुटुंबाच्या आजच्या हलाखीला असं धंद्याचं कारण असतं. ते माहीत नसलेला लेखक हलाखीचं कारण म्हणून बापाला दारू पाजतो.

इंग्रजांनी १८७१ मध्ये केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, आणि त्यातून सुटलेले ते 'विमुक्त'. महाराष्ट्राच्या यादीत मुळात १४ विमुक्त जाती आणि २८ भटक्या जमाती. कैकाडी त्या १४ मध्ये येतात, वडारही येतात. मंजुळे स्वतः वडार समाजातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. म्हणजे दिग्दर्शक अगदी शेजारच्या घरातला आहे, पण कैकाडी नाही. हा फरक लहान वाटतो. तरी भाषेच्या बाबतीत त्याने अभ्यास वाढतो.

इथे पटकथाकारांचा पाय हमखास घसरतो अशी एक जागा आहे. विदर्भातल्या जुन्या जिल्ह्यांत, म्हणजे अकोला, अमरावती, भंडारा, बुलढाणा, नागपूर, वर्धा, यवतमाळ आणि राजुरा तहसील वगळून चंद्रपूर, इथे कैकाडी अनुसूचित जातीत मोडतात. उरलेल्या महाराष्ट्रात ते विमुक्त जाती-अ मध्ये येतात आणि राज्याच्या आरक्षणात त्या गटाला ३ टक्के जागा आहेत. परिणाम असा की १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण नागपूरच्या कैकाड्याला आहे, नगरच्या कैकाड्याला नाही, कारण तो कायदा अनुसूचित जाती-जमातींपुरता आहे. नगर जिल्ह्यातल्या कथेत अपमान झालेला कैकाडी बाप 'अॅट्रॉसिटी लावीन' असं म्हणाला तर तो संवाद चुकीचा. तो असं म्हणू शकत नाही, त्याच्या हातात तेवढंही नाही, आणि ही गोष्ट संवादापेक्षा जास्त नाट्यमय आहे. एका जातीला एका राज्यात दोन कायदेशीर ओळखी असतील तर लिहिण्याआधी जिल्हा ठरवावा लागतो. 'एक खेडं' म्हणून चालत नाही.

आडनावाचं तसंच. माने हे आडनाव मराठ्यांत आहे, धनगरांत आहे, कैकाड्यांतही आहे. शहरात 'माने' ऐकून कुणाला काही कळत नाही, गावात मात्र शेंबड्या पोरालाही माहीत असतं की हे कुठले माने. विशिष्ट आडनाव देऊन जात सुचवायची हा पडद्यावरचा जुना मार्ग. त्यात प्रेक्षकाला खूण मिळते, पण गावात जात कशी ओळखली जाते ते निसटतं. गाव ओळखतो घराच्या जागेवरून, धंद्यावरून, आजोबाच्या नावावरून. 'फँड्री' आडनावावर काही टाकत नाही, जागेवर आणि धंद्यावर टाकतो.

घरातली बोली

कैकाडी बोली द्राविडी कुळातली, तमिळच्या जवळची. 'फँड्री' म्हणजे डुक्कर. तमिळमधल्या 'पन्ड्रि'चा हा सख्खा भाऊ उच्चारातच कळतो. चित्रपटात घरच्यांच्या तोंडी ही बोली येते, गावाशी मराठी. पात्रांना 'वेगळं' दाखवायला ती आणलेली नाही. नगरच्या एका गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या घराची आतली भाषा वेगळी आहे एवढी ती वस्तुस्थिती आहे, आणि 'मराठी ग्रामीण कुटुंब' ही कल्पना तिथेच रुंद होते.

सरधोपट ग्रामीण चित्रपटात याच्या नेमकं उलट होतं. सगळ्या गावाला एकच 'ग्रामीण' भाषा दिली जाते. 'आल्तो', 'गेल्तो', 'काय म्हनतुस' असं सगळ्यांच्या तोंडी, मग कथा कोल्हापूरची असो की नगरची. भटक्या-विमुक्त समाजातली माणसं बाहेर त्या भागातली मराठी इतरांइतकीच सफाईने बोलतात, कारण धंदाच दारोदारचा. अडखळत बोलणारा, वाकडी मराठी फेकणारा भटका हे पात्र निव्वळ ऐकीव.

बोली वापरायची तर कामाची रीत अशी: संवाद आधी मराठीत पक्के करावेत, मग बोलणाऱ्या दोन वेगळ्या घरांतल्या, शक्यतो दोन पिढ्यांतल्या माणसांकडून ते बोलीत करून घ्यावेत. एकाच माणसावर विसंबलं तर त्याच्या घरची लकब सगळ्या समाजाची म्हणून जाते. ध्वनिमुद्रण करून नटाला ऐकवावं. देवनागरीत लिहून पाठ करायला दिलं की मराठी हेल येतो. आणि चित्रीकरणाच्या वेळी ती बोली जाणणारं कुणीतरी हेडफोन लावून हजर हवं. संकलनाच्या टेबलावर चूक सापडली तर तोवर गाव, नट, कपडे सगळं पांगलेलं असतं.

शाळेजवळचं मैदान

आता प्रसंग. कचरूचं सगळं घर डुक्कर धरायला निघालंय, आणि जागा आहे शाळेच्या आसपासची. जब्याच्या दृष्टीने गावात याहून वाईट जागा नाही. इथे तो विद्यार्थी आहे, इथे शालू आहे, इथे त्याने आपली जात विसरून पाहिली आहे.

गावठी डुक्कर धरणं हे तंत्राचं काम आहे. ते मोकळ्या मैदानात माणसाला सापडत नाही. आधी त्याला भिंत आणि काटेरी कुंपण यांच्या चिंचोळ्या जागेत वळवायचं, दोन्ही तोंडांना माणसं उभी करायची, दोरीचा फास टाकायचा, पाय अडकला की सगळ्यांनी एकदम तुटून पडायचं, चारी पाय बांधायचे आणि बांबूला उलटं लटकवून खांद्यावर घ्यायचं. एक जागा जरी मोकळी राहिली तरी डुक्कर तिथूनच निसटतं आणि मेहनत पुन्हा पहिल्यापासून. म्हणून घरातलं एकही माणूस कमी चालत नाही.

पूर्ण प्रसंग या एका व्यावहारिक अटीवर उभा आहे. जब्या जिथे उभा असायला हवा तिथे नाही. तो आडोसा शोधतोय, भिंतीमागे दबा धरतोय, कारण मैदानाच्या त्या बाजूला वर्गातली मुलं आहेत. त्याने सोडलेल्या फटीतून डुक्कर पळतं आणि बाप चिडतो. बापाच्या बाजूने पाहिलं तर पोरगा कामचुकार आहे. पोराच्या बाजूने बाप त्याला सगळ्यांसमोर उघडा पाडतोय. दोघंही खरे. बाप-मुलाचा हा झगडा पूर्णपणे कौटुंबिक आहे, कुठल्याही घरात असतो तसा, पण त्याचं कारण घराबाहेर गावाने आखलेलं आहे. कुटुंबाचं नाट्य आणि जातीचं नाट्य असे दोन वेगळे धागे इथे नाहीतच. बहुतेक पटकथांत ते वेगळे राहतात: आधी घरातली तीन दृश्यं, मग 'सामाजिक' एक दृश्य. वाचताना शिवण दिसते.

मग राष्ट्रगीत. डुक्कर हाताशी आलंय आणि शाळेतून 'जन गण मन' सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, घरचेही थांबतात. डुक्कर थांबत नाही. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. धावपळीच्या दृश्यात एवढी स्तब्धता फार मोठी असते. या जागेवर पुष्कळ लिहिलं गेलं, पण चित्रपटगृहात काय घडत होतं तेही ध्यानात घ्यायला हवं. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत खेळाआधी राष्ट्रगीत वाजवण्याची पद्धत तेव्हाही होती. म्हणजे प्रेक्षक दीड तासापूर्वी याच सुरांना उभा राहून खुर्चीत बसलेला असतो. आता तेच सूर पुन्हा येतात, पडद्यावरचं पोर उभं आहे आणि आपण बसलो आहोत. आदर पाळण्याची किंमत कुणाला किती पडते हे असं अंगाने कळतं. शाळेने शिकवलेली शिस्त या मुलाने मनापासून घेतली आणि तिच्यापायी हातातलं काम गेलं. एक शब्दही न उच्चारता हे सांगितलं आहे.

पाहणाऱ्यांकडेही नीट पाहायला हवं. हळूहळू गर्दी जमते. पोरं, रिकामटेकडे, कामावर जाता जाता थांबलेले. कुणी चेकाळतं, कुणी चिडवतं, कुणी नुसतं हसतं. शालूही तिथे आहे. बघणाऱ्यांना ही करमणूक आहे, खेळाचा सामना असावा तशी. या गर्दीत क्रूर चेहरे फार नाहीत आणि तेच बरोबर आहे. एका कुटुंबाचं पोटाचं काम इतरांचा तमाशा होतं ते निव्वळ ते लोक कडेला उभे राहू शकतात म्हणून. कॅमेरा काही वेळ गर्दीबरोबर लांब असतो आणि काही वेळ कुटुंबाबरोबर खाली, धुळीत. लांबून पाहिलं की पळणारी माणसं आणि पळणारं डुक्कर गमतीदारच दिसतं, प्रेक्षकाच्या ओठांवरही हसू येतं. जवळून पाहिलं की तेच हसू गळ्यात अडकतं. फक्त जवळून चित्रित केलं असतं तर प्रसंग करुण झाला असता आणि प्रेक्षक स्वतःला कुटुंबाच्या बाजूचा समजून सुटला असता. लांबची चौकट त्याला गर्दीत उभं करते.

शेवटी डुक्कर सापडतं. बांबूला बांधून घरची माणसं ते नेताना मागे शाळेच्या भिंतीवर रंगवलेली थोरांची चित्रं दिसतात. डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबा. अशी भिंत महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक जिल्हा परिषद शाळेला असते, म्हणून ती घुसडलेली वाटत नाही. कॅमेरा भिंतीसाठी थांबलाही नाही, हे महत्त्वाचं. त्यानंतर चिडवणाऱ्यांवर, आणि शेवटी थेट कॅमेऱ्याकडे, जब्याने भिरकावलेला दगड सगळ्यांना ठाऊक आहे.

कोण कुणाची भूमिका करतं

आई-बापाच्या भूमिकेत छाया कदम आणि किशोर कदम, दोघंही कसलेले नट. मुलांच्या भूमिकेत बहुतेक कॅमेऱ्यासमोर नवखी मुलं. ही मिसळ जमते, कारण ओझं योग्य जागी वाटलं आहे. बोलीतले संवाद, लाचारीचे बारीक पदर, घरातला ताण हे मोठ्यांच्या खांद्यावर. पळणं, लपणं, बुजणं, उन्हातला रापलेला वावर हे मुलांकडे, जे शिकवून येत नाही. उलट वाटणी केली तर दोन्ही बाजू पडतात: नवख्या मुलाला लांब भावनिक संवाद दिला की तो पाठांतर म्हणतो, आणि शहरी नटाला अनवाणी पळायला लावलं की त्याचे तळपाय खोटं बोलतात.

गोऱ्या नटाला काजळी फासून 'खालच्या' जातीचा करण्याची पद्धत अजून संपलेली नाही. घामाने मान आणि मनगटाजवळचा रंग उतरतो, जवळच्या चौकटीत कानामागे पट्टा दिसतो, ही तांत्रिक अडचण. त्याआधीची चूक ही की रंगाला जातीची खूण मानलं. एकाच आळीत एकाच जातीचे गोरे-काळे दोन्ही असतात. कपड्यांचंही असंच. सगळ्या गरिबांना मातकट कपडे घातले की प्रतिमा 'वास्तववादी' दिसते म्हणतात. प्रत्यक्षात गरीब घरातली सणाची साडी सगळ्यांत भडक असते, आणि मुलाचा शाळेचा गणवेश हा बऱ्याचदा त्याचा एकमेव धड पोशाख. जब्याला हवी असते जीनची पँट. ती त्याला शालूसाठी हवी आहे आणि जातीची खूण अंगावरून पुसण्यासाठीही. पेप्सीकोला विकून पैसे जमवायचा त्याचा आटापिटा त्यामुळेच पटतो.

मुलांबाबत आज नियम स्पष्ट आहेत. बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर आणि २०१७ च्या नियमांनुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही. मुलाच्या मोबदल्यातला किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो आणि पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. प्राणी असतील तर चित्रीकरणाआधी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आणि प्रमाणपत्राच्या वेळी त्यांचा ना हरकत दाखला. डुक्कर धरण्यासारख्या दृश्यात या दोन्ही अटी एकत्र येतात आणि वेळापत्रक त्यांच्याच मापाने कापावं लागतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात अडीच-तीन तास मिळतात. तेवढ्यात मुलंही थकतात आणि जनावरंही.

नियमांत न लिहिलेली एक जबाबदारी आहे. अपमानाच्या दृश्यात मुलाला ज्या नावाने हिणवलं जातं ते नाव चित्रीकरण संपल्यावर त्याच्यासोबत शाळेत जातं. गर्दी त्याच गावातली असते, शिव्या देणारी पोरं उद्या त्याच बाकावर बसणार असतात. म्हणून हिणवण्याचे संवाद मुलाला आणि पालकांना आधी वाचून दाखवावेत. तालमी मुलाच्या गैरहजेरीत घ्याव्यात, त्याच्यासमोर मोजकेच टेक व्हावेत. गर्दी शक्यतो दुसऱ्या गावची आणावी. खर्च वाढतो. तो अंदाजपत्रकात पहिल्या दिवशीच धरलेला बरा, कारण मागाहून सगळ्यांत आधी हीच बाब कापली जाते.

लिहिणाऱ्याच्या टेबलावर

संवाद लिहिण्याआधी तीन कागद तयार करावेत. पहिला गावाचा नकाशा, कच्चा चालेल. देऊळ, चावडी, शाळा, पाणवठा, उकिरडा, स्मशान, आणि प्रत्येक आळी. मग कथेतल्या प्रत्येक घरावर खूण करून तिथून शाळेपर्यंतची वाट पेन्सिलीने ओढायची. वाटेत कुणाची दारं लागतात? मूल कुठे चाल मंदावतं, कुठे पळत सुटतं? 'फँड्री'तला संघर्ष या वाटेवरच सापडतो.

दुसरा कागद कामाचा. पहाटेपासून रात्रीपर्यंत घरातलं प्रत्येक माणूस काय करतं, आणि त्या कामाचा मोबदला कसा मिळतो. रोख, धान्य, शिळं अन्न, की 'पुढच्या वेळी बघू'. ज्या पात्राच्या रकान्यात काही लिहिता येत नाही ते पात्र अजून तयार झालेलं नाही.

तिसरा पैशांचा. लग्न आहे तर किती, कुठून, कधीपर्यंत. कचरूला डुक्कर धरावं लागतं ते या तिसऱ्या कागदामुळे. दुसरा आणि तिसरा कागद शेजारी ठेवले की पटकथेतली सक्ती आपोआप दिसू लागते, ती वरून लादावी लागत नाही.

यातलं सगळ्यांत जास्त चुकतं ते पहिल्या कागदावर. गाव निवडताना चमू सुंदर नदीकाठ पाहतो, वाडा पाहतो, आणि वस्तीचं घर मागाहून सोयीच्या जागी सेट म्हणून उभं करतो. मग ते घर देवळाच्या मागच्या भिंतीला लागून येतं, किंवा पाटलाच्या वाड्यासमोर. एकाही गावकऱ्याला ते पटत नाही आणि का पटत नाही ते त्याला सांगताही येत नाही.

जिथे चित्रपट कमी पडतो

'फँड्री'ला डोक्यावर घेताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये. शालूला आतली बाजू जवळजवळ नाही. ती जब्याच्या नजरेतली शालू आहे. जब्या तिच्याशी बोलत नाही, आपणही तिच्याशी बोलत नाही. पटकथेच्या दृष्टीने हे समर्थनीय आहे, कारण गोष्ट त्या मुलाच्या डोळ्यांनी चालते. तरी वरच्या घरातल्या मुलीवरही गावाने काही आखून दिलेलं असतं, आणि त्या बाजूची एखादी फट उघडी ठेवली असती तर शेवटची तिची उपस्थिती जास्त गुंतागुंतीची झाली असती.

घरातल्या बायकांचं आणखी जवळून पाहायला हवं. डुक्कर धरायला आई आहे, बहिणीही आहेत. जिच्या लग्नाच्या पैशांसाठी हा सगळा खटाटोप चाललाय ती मुलगीही त्याच धुळीत, त्याच गर्दीसमोर डुकरामागे धावते. जब्याला लपावंसं वाटतं आणि कॅमेरा त्याच्याबरोबर भिंतीमागे जातो. तिला काय वाटतं? तिलाही बघ्यांतली तोंडं ओळखीची असतील, तिच्याही सासरी हे कुणीतरी सांगेल. ती लपत नाही, कारण तिने सोडलेली फट भरायला तिथे दुसरं कुणी नाही. कॅमेरा तिच्या बाजूने एकदाही भिंतीमागे गेलेला नाही. विमुक्त घरातल्या त्या मुलीचा चित्रपट लिहिणाऱ्याला हेच मैदान पुरेल, फक्त दोरीचा फास तिच्या हातात द्यावा लागेल.